यादीत सगळीकडे ‘हो’, पण एकाच हाताने

विकासाचे टप्पे तपासताना बहुतेक वेळा एकच प्रश्न विचारला जातो: केव्हा? मान केव्हा धरली, पालथं केव्हा पडलं, बसायला केव्हा लागलं. इथे मांडलेल्या मुलीने प्रत्येक टप्पा वेळेत गाठला होता. बिघाड होता तो ‘कसं’ या प्रश्नाच्या उत्तरात, आणि तो प्रश्न साडेसात महिने कुणी विचारला नाही. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

पार्श्वभूमी

घरातलं पहिलं बाळ. गरोदरपणाचे ३९ आठवडे भरलेले, जन्मवजन २.९ किलो, नैसर्गिक प्रसूती, बाळ लगेच रडलं. अतिदक्षता विभागात ठेवावं लागलं नाही, पहिल्या आठवड्यात झटके आले नाहीत, दूध ओढायला त्रास नव्हता. मुदतीआधी जन्मलेल्या, फार कमी वजनाच्या किंवा जन्मताना गुदमरलेल्या बाळांचा विकास ठरवून, वारंवार तपासला जातो. या बाळाला तशा पाठपुराव्यात घेण्याचं काही कारणच दिसत नव्हतं.

दीड महिन्याची असताना ती माणसं बघून हसू लागली. चौथ्या महिन्यात मान धरली, पाच महिन्यांची असताना पालथी पडली, सात महिन्यांची होता होता आधाराशिवाय बसली. ‘बाबाबा’, ‘दादादा’ सुरू झालं होतं. जागतिक आरोग्य संघटनेने २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार निरोगी मुलं ३.८ ते ९.२ महिन्यांच्या दरम्यान आधाराशिवाय बसायला लागतात. म्हणजे सातवा महिना अगदी मधोमध. तक्त्यावर बोट ठेवावं अशी एकही जागा नव्हती.

घरच्यांना मात्र तीन गोष्टी दिसल्या होत्या, तिघांना तीन वेगळ्या. आजींचं निरीक्षण असं की नात डावरी होणार. खुळखुळा कुठूनही पुढे करा, डावाच हात येतो. त्या हे कौतुकाने सांगत. आईला झबलं घालताना उजवी बाही अडायची, हात कोपरात वाकलेलाच राहायचा. उजव्या हाताची नखं कापणं तर रोजची झटापट. मूठ उघडायची नाही, आणि उघडली की तळव्याच्या घडीत कापडाचे बारीक धागे, मळ आणि ओलसर झालेली कातडी. बाबांच्या लक्षात आलं होतं की बसवल्यावर ती पडते तेव्हा नेहमी उजवीकडेच पडते. आईने बाहीची गोष्ट पाचव्या महिन्यातल्या भेटीत सांगितलीही होती. कपडे घट्ट असतील, असं उत्तर मिळालं.

ही तीन निरीक्षणं एकमेकांशेजारी ठेवली असती तर चित्र पाचव्या महिन्यातच पुरं झालं असतं. ती एकत्र यायला आणखी अडीच महिने गेले.

तपासणीत काय दिसलं

साडेसात महिन्यांच्या नियमित भेटीत नेहमीचा तक्ता भरला जात होता. वस्तू पकडते का? हो. एका हातातून दुसऱ्या हातात देते का? इथे आई थांबली आणि म्हणाली, “देते बहुतेक… नाही, खाली टाकते आणि परत उचलते.” त्या एका वाक्यामुळे डॉक्टरांनी तक्ता बाजूला ठेवला आणि बाळाला आईच्या मांडीवर, टेबलासमोर बसवलं.

लाकडी ठोकळा छातीसमोर, बरोबर मध्ये धरला: डावा हात आला. ठोकळा उजव्या खांद्यासमोर नेला: डावा हात अंग ओलांडून तिकडे गेला. डाव्या हातात एक ठोकळा असताना दुसरा पुढे केला. या वयाचं बाळ सहसा दुसऱ्या ठोकळ्यासाठी रिकामा हात पुढे करतं. हिने पहिला टाकून दिला आणि दुसरा त्याच डाव्या हाताने घेतला.

मग चेहऱ्यावर पातळ रुमाल टाकला. डाव्या हाताने तो क्षणात ओढला गेला. पुन्हा टाकताना डावा हात हळूच धरून ठेवला. तिने मान दोन्हीकडे फिरवली, डोकं घासलं आणि शेवटी रडू फुटलं. उजवा हात कोपरात आणखी वाकून छातीशी आला, मूठ आवळली गेली, अंगठा बोटांच्या आत, पण हात रुमालापर्यंत पोचला नाही. ही चाचणी पाचव्या-सहाव्या महिन्यापासून करता येते. रुमाल पातळ हवा आणि काही सेकंदांतच काढून घ्यायचा. बाळाला घाबरवून काही कळत नाही.

बसवून हळूच डावीकडे कललं की डावा तळवा लगेच जमिनीवर टेकत होता. उजवीकडे कललं की हात आत ओढला जायचा आणि बाळ ओंडक्यासारखं कलंडायचं. बाबांनी पाहिलेलं पडणं ते हेच. उजव्या कोपरात आणि मनगटात ताठरपणा, उजव्या घोट्यात थोडा कमी पण स्पष्ट, उजव्या गुडघ्याची प्रतिक्षिप्त क्रिया जास्त जोरात. वजन ७.४ किलो, डोक्याचा घेर ४२.५ सेंमी, दोन्ही वयाला साजेसे. टाळू मऊ, सपाट.

हॅमरस्मिथ पद्धतीने अर्भकाच्या मज्जासंस्थेची तपासणी केली. तिच्यात २६ बाबी असतात, प्रत्येकीला ० ते ३ गुण, एकूण ७८. सहा, नऊ आणि बारा महिन्यांच्या टप्प्यांवर ७३ पेक्षा कमी गुण आले तर सेरेब्रल पाल्सीचा, म्हणजे वाढत्या मेंदूच्या इजेमुळे हालचालींत कायम राहणाऱ्या दोषाचा, धोका जास्त धरतात. हिला ६६ मिळाले. त्याहून बोलकी गोष्ट म्हणजे सात बाबींत उजवी आणि डावी बाजू वेगवेगळी वागली. एकाच बाजूचा दोष असलेल्या मुलांची एकूण बेरीज फारशी खाली जात नाही, कारण चांगली बाजू गुण राखते. म्हणून बेरजेबरोबर फरकांची संख्याही लिहावी लागते.

कोणत्या शक्यता होत्या

एक वर्षाच्या आत बाळाने एकच हात वापरणं म्हणजे डावरेपणा नव्हे. पहिल्या वर्षात दोन्ही हात साधारण सारखेच चालतात. कल दिसू लागतो तो बहुधा दीड-दोन वर्षांच्या सुमारास, आणि पक्का व्हायला आणखी वेळ लागतो. त्याआधी एका हाताची ठळक पसंती दिसली, तर दुसरा हात का वापरला जात नाही हा प्रश्न आधी विचारायचा.

प्रसूतीत खांद्याजवळच्या नसा ताणल्या गेल्या असतील का? तसं असतं तर हात पहिल्या दिवसापासून लुळा दिसला असता, प्रतिक्षिप्त क्रिया मंद असत्या आणि पायाला काहीच नसतं. इथे हात ताठर होता आणि पायही थोडा सामील होता. हाड मोडणं, कोपर निखळणं किंवा सांध्याचा संसर्ग असता तर हात हलवताना बाळ कळवळलं असतं. तसं काही नव्हतं.

सर्वांत महत्त्वाचा फरक जुनं आणि नवं यातला होता. काल नीट हलणारा हात आज हलत नसेल, तर ती तातडीची स्थिती असते. त्यात भेटीची वेळ ठरवत बसायचं नसतं, थेट तातडीच्या विभागात जायचं असतं. हे ठरवायला बाबांचा फोन कामी आला. साडेचार महिन्यांच्या एका चित्रफितीत बाळ उताणं पडून वर टांगलेल्या खेळण्याला डाव्या हाताने मारत होतं आणि उजवी मूठ खांद्यापाशी तशीच आवळलेली होती. सहाव्या महिन्यातल्या चित्रफितीतही तेच. दोष जुना होता आणि वाढत नव्हता. पालकांकडे अशा चित्रफिती असतातच. त्या मागून तारखेप्रमाणे लावून बघायला दहा मिनिटं लागतात.

उरली ती शक्यता जन्माच्या आसपास मेंदूला झालेल्या इजेची. पण इजा जन्माजवळची असेल, तर ती दिसायला चार-पाच महिने का लागावेत? नवजात बाळाच्या हातापायांची हालचाल मेंदूच्या वरच्या थराच्या ताब्यात अजून पुरती आलेली नसते. दोन महिन्यांच्या बाळाच्या दोन्ही मुठी मिटलेल्या असणं साहजिक असतं. ठरवून हात पुढे करणं चौथ्या-पाचव्या महिन्यात सुरू होतं, आणि मेंदूकडून हाताकडे येणारी वाट तुटलेली आहे हे तेव्हाच उघडं पडतं. घरच्यांना वाटतं काहीतरी नवीन झालं. प्रत्यक्षात जुनी उणीव पहिल्यांदा कामाला लागण्याच्या वेळी दिसते.

पहिला निर्णय: थांबायचं की पाठवायचं

‘नवव्या महिन्यात परत दाखवा’ हा पर्याय समोर होता आणि तो निष्काळजीपणाचा नव्हता. मुलं आपापल्या वेगाने वाढतात, विनाकारण घबराट होते, बऱ्याच बाळांचं पुढे ठीकच होतं. ही सगळी कारणं उशिराच्या बाबतीत खरी आहेत. पण उशीर आणि विषमता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. उशीर भरून निघू शकतो. एक बाजू दुसरीपेक्षा वेगळी वागते, हा वेगाचा प्रश्नच नव्हे, त्यामुळे काळ गेल्याने त्याचं उत्तर मिळत नाही.

त्याच दिवशी बालमज्जाविकारतज्ज्ञांकडे आणि ऑक्युपेशनल थेरपिस्टकडे (हातांचा वापर आणि रोजची कामं शिकवणारे) अशा दोन चिठ्ठ्या दिल्या गेल्या. चिठ्ठीत ‘विकासात शंका’ एवढंच न लिहिता ‘साडेसात महिने, उजवा हात वापरत नाही, उजवीकडे हात टेकत नाही, गुण ६६, फरक ७’ असं लिहिलं होतं. अशा नेमक्या चिठ्ठीवर लवकर वेळ मिळते. मोघम चिठ्ठी रांगेत मागे राहते.

दुसरा निर्णय: एमआरआय आता की नंतर

या वयात एमआरआयसाठी बाळ पुरेसं स्थिर राहत नाही, म्हणून भूल द्यावी लागते. आजी आणि बाबा दोघांचाही याला विरोध होता. एवढ्याशा जिवाला भूल कशाला, टाळूवरून सोनोग्राफी होते ना, असा त्यांचा प्रश्न. तो रास्त होता आणि त्याचं सविस्तर उत्तर दिलं गेलं. टाळूवरून मेंदूचा मधला भाग बरा दिसतो, कडेचा भाग निसटू शकतो, आणि हाताच्या हालचालीशी जोडलेली इजा बऱ्याचदा कडेलाच असते. सोनोग्राफी ‘नॉर्मल’ आली असती तर खोटा दिलासा मिळाला असता. सीटी स्कॅन झटपट होतो, पण त्यात किरणोत्सर्ग असतो आणि जुन्या इजेचे बारकावे कमी कळतात.

तिसरा पर्याय दोन वर्षांपर्यंत थांबण्याचा. तोवर मेंदूतल्या तंतूंवरचं आवरण बरंच पक्कं होतं आणि सूक्ष्म दोष जास्त स्पष्ट दिसतात. मात्र इथे अपेक्षित असलेली इजा मोठी होती, ती आताही दिसली असती. शिवाय गाठ, साचलेलं पाणी किंवा मेंदूची घडण वेगळी असणं, यांचे उपचार वेगळे असतात. त्या शक्यता दोन वर्षं उघड्या ठेवणं योग्य नव्हतं. तीन आठवड्यांनी एमआरआय ठरला. आईचं दूध चार तास आणि इतर दूध किंवा अन्न सहा तास आधी बंद, ही सूचना लेखी दिली. सकाळची पहिली वेळ मागून घेतली, म्हणजे बाळाचा उपास रात्रीच्या झोपेत निभावतो.

अहवालात मेंदूच्या डाव्या बाजूला, मधल्या मोठ्या रक्तवाहिनीच्या क्षेत्रात जुन्या स्ट्रोकची, म्हणजे रक्तपुरवठा अडून झालेल्या इजेची, खूण आढळली. तिथली पेशीजाल विरघळून पोकळी झाली होती आणि खाली उतरणारी मज्जातंतूंची वाट डाव्या बाजूला बारीक झाली होती. हे बदल व्हायला अनेक आठवडे लागतात, म्हणजे घटना जन्माच्या सुमाराची. हृदयाची सोनोग्राफी ठीक आली. रक्त गोठण्याच्या दोषांच्या मोठ्या तपासण्यांवर चर्चा झाली. उपचार बदलणार नव्हते आणि घराण्यात तसा इतिहास नव्हता, म्हणून त्या केल्या नाहीत.

तिसरा निर्णय: निदानाआधी उपचार

थेरपी एमआरआयची वाट न बघता भेटीनंतर चौथ्या दिवशी सुरू झाली. या प्रकरणातला सर्वांत फायद्याचा निर्णय हाच ठरला. अहवाल काहीही आला असता तरी न वापरला जाणारा हात वापरायला लावणं हे काम बदलणार नव्हतं. पहिल्या वर्षात मेंदू कोणत्या वाटा ठेवायच्या आणि कोणत्या सोडायच्या हे वापरावरून ठरवत असतो. न वापरलेली वाट आणखी क्षीण होते. तीन आठवडे ही त्या वयाला छोटी मुदत नाही.

घरी काय केलं, कुठे चुकलं

निवडलेली पद्धत म्हणजे कन्स्ट्रेंट थेरपीची बाळांसाठी सौम्य केलेली आवृत्ती. चांगला हात मऊ मोज्यात झाकायचा आणि दुसऱ्या हाताला खेळायला द्यायचं. रोज ३० मिनिटं, आठवड्यात ६ दिवस, ६ आठवडे. मग ६ आठवडे विश्रांती, आणि पुन्हा ६ आठवडे. थेरपिस्ट आठवड्यातून एकदा बघणार, रोजचं काम आईबाबांचं.

मोजा सुती, मोठ्या माणसाचा, कोपरापर्यंत येणारा. वर सैलसर पट्टी, आत एक बोट सहज जाईल इतकी. हात बांधायचा नाही, अंगाला टाचायचा नाही आणि मोजा असताना बाळाला एकटं सोडायचं नाही. दिवसभर मोजा ठेवणं चुकीचं, कारण चांगल्या हातालाही आपली कौशल्यं शिकायची असतात.

बसण्याची जागा खेळण्याइतकीच महत्त्वाची ठरली. पाठीला आणि कमरेला आधार, कोपरं टेकतील असं ठेंगणं टेबल. धड डगमगत असेल तर बाळाची सगळी ताकद तोल सांभाळण्यात जाते आणि मूठ अधिकच आवळते. खेळणी सहा ते आठ, हलकी, बारीक दांड्याची, खडबडीत, आणि नुसता धक्का लागला तरी आवाज करणारी. गुळगुळीत जड खुळखुळा इथे निरुपयोगी. खेळणं उजव्या हातापासून चार बोटांवर ठेवायचं. हात पोचला की दोन बोटं लांब.

पहिला आठवडा वाईट गेला. तिसऱ्या दिवशी बाळाने मोजा तोंडाने ओढून काढला आणि अर्धा तास रडलं. चूक वेळेची होती: संध्याकाळची, भुकेची. सकाळी झोप झाल्यावर आणि पोट भरल्यावर दहा-दहा मिनिटांचे तीन भाग केले, तेव्हा गाडी रुळावर आली. दुसरी चूक अशी की बाबा बोटं एकेक करून उलगडत आणि खेळणं मुठीत कोंबत. बोटं ओढली की मूठ उलट घट्ट होते. थेरपिस्टनी दाखवलेली रीत वेगळी होती: मनगट हलकेच खाली वाकवायचं, अंगठ्याच्या मुळाशी, मांसल उंचवट्यावर आधार देऊन अंगठा बाहेर आणायचा, बोटं आपोआप सैल होतात. हीच रीत आईला नखं कापायला आणि तळवा धुवायलाही उपयोगी पडली.

बाराव्या दिवशी उजव्या हाताचा धक्का घुंगरांच्या कड्याला मुद्दाम लागला. मुद्दाम, असं म्हणता येतं कारण आवाज झाल्यावर तिने हाताकडे पाहिलं आणि पुन्हा तसंच केलं. चौथ्या आठवड्यात कड्याभोवती बोटं वळली. सोडता येत नव्हतं. सोडणं हे पकडण्यापेक्षा अवघड असतं आणि उशिरा येतं.

मधल्या विश्रांतीच्या आठवड्यांत मोजा नव्हता, दोन हातांचे खेळ होते: दोन्ही हातांनीच उचलता येईल असा मोठा मऊ चेंडू, ओढून सुटणारी मण्यांची माळ, डबीचं झाकण. दुसरी फेरी तिसऱ्या आठवड्यात ताप आल्यामुळे बंद पडली आणि पुन्हा सुरू करायला महिना गेला, कारण ‘आता पहिल्यापासून करायचं का’ हे कुणाला विचारावं ते पालकांना कळेना. उरलेल्या तीन आठवड्यांपासून पुढे चालू करा, इतकं साधं उत्तर होतं.

नाव कधी द्यायचं

तज्ज्ञांनी आठव्या महिन्यात ‘सेरेब्रल पाल्सीचा मोठा धोका’ असं लिहिलं आणि पहिल्या वाढदिवसाच्या भेटीत ‘उजव्या बाजूची सेरेब्रल पाल्सी’ असं पक्कं केलं. घरात या नावाची धास्ती होती. ते कागदावर येऊ नये अशी बाबांची इच्छा होती. नावामुळे थेरपी, साधनं आणि सवलती मिळवणं सोपं होतं, आणि हे नाव बुद्धीबद्दल काही सांगत नाही, हे दोन मुद्दे त्यांना पटायला दोन भेटी लागल्या. घाई केली नाही हे योग्य झालं.

आईचा प्रश्न वेगळा होता: माझ्याकडून काय चुकलं? जन्माच्या सुमाराच्या स्ट्रोकचं नेमकं कारण बहुतेक वेळा सापडत नाही. आईने काय उचललं, कशी झोपली, किती काम केलं याने तो होत नाही. पुढच्या गरोदरपणात असंच घडण्याची शक्यता अगदी कमी असते. ही तीन वाक्यं विचारायची वाट न बघता सांगायला हवीत. तिने विचारलं तेव्हा अहवाल येऊन पाच दिवस उलटले होते.

झटक्यांबद्दलही स्पष्ट बोलणं झालं. बाळ झोपेतून उठल्यावर एकामागोमाग एक, क्षणभर मान आणि हात पुढे झुकत असतील, तर चित्रफीत काढायची आणि त्याच दिवशी दाखवायची. दिसायला हे पोटदुखीसारखं वाटतं, म्हणून चित्रफितीचा आग्रह.

पुढे काय झालं

ती रांगली नाही. दहाव्या महिन्यापासून बसूनच, डाव्या हाताने रेटा देत सरकू लागली. न रांगणं हा एकट्याने दोष नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या त्याच अभ्यासात ४.३ टक्के निरोगी मुलं हातागुडघ्यांवर रांगलीच नव्हती. सोळाव्या महिन्यात चालली, म्हणजे पुन्हा ‘वेळेत’: त्या अभ्यासातली वरची मर्यादा १७.६ महिने आहे. फक्त उजवी टाच उचललेली होती. तक्ता याही वेळी ‘हो’च म्हणाला असता.

अठराव्या महिन्यात उजव्या घोट्याला प्लॅस्टिकचा आधार मिळाला. पहिल्या दिवशी एक तास, मग रोज थोडा वेळ वाढवत. काढल्यावर कातडीवरची लाली अर्ध्या तासात गेली नाही तर आधार घासतोय, तो दुरुस्त करून घ्यायचा. दोनदा घ्यावा लागला.

दोन वर्षांची असताना दोन-दोन शब्दांची वाक्यं आली: ‘बाबा गेला’, ‘अजून दे’. इजा डाव्या बाजूला, जिथे बहुतेकांची भाषा वसते, तिथे असूनही. इतक्या लवकर झालेल्या इजेत उजवी बाजू भाषेचं काम पत्करू शकते. ऐकणं ठीक. नजर खेळण्यांनी तपासली तेव्हा उजवीकडची बाजू सुटत नव्हती. नेमकी तपासणी ती सूचना पाळण्याच्या वयाची झाल्यावर होईल.

अडीच वर्षांची असताना उजवा हात मदतनीस झाला आहे. डावा हात काम करतो, उजवा धरून ठेवतो: कागद दाबणं, डबा पोटाशी धरणं, चेंडू कवेत घेणं. चिमटीत पकडता येत नाही, बटण लावता येत नाही, घाई झाली की मूठ आवळते. हा हात डाव्यासारखा होणार नाही, हे पालकांना सुरुवातीपासून सांगितलं होतं. झटके आलेले नाहीत. शक्यता पुढची अनेक वर्षं राहते. पोटरीतल्या ताठरपणासाठी बोटुलिनम या स्नायू सैल करणाऱ्या इंजेक्शनचा विचार झाला, आणि चालताना आधार पुरतोय तोवर ते लांबवलं.

काय वेगळं करता आलं असतं

पाचव्या महिन्यातली बाहीची तक्रार हा सर्वांत मोठा हुकलेला क्षण. आई कपड्याबद्दल बोलत होती आणि उत्तर कपड्याबद्दल मिळालं. ‘दोन्ही बाह्या अडतात की एकच?’ एवढा प्रश्न पुरला असता. एकाच बाजूची कुठलीही तक्रार, मग ती बाहीची असो, नखांची किंवा पडण्याची, बाळाला उघडं करून दोन्ही बाजू शेजारी शेजारी तपासण्याचं कारण आहे.

पायाकडे उशिरा लक्ष गेलं. हातावर इतकं काम चाललं होतं की दोन्ही पायांवर सारखं वजन घेऊन उभं राहण्याचे खेळ तेराव्या महिन्यात सुरू झाले. ते नवव्या-दहाव्या महिन्यात, उभं राहण्याची धडपड सुरू होताच, करता आले असते. टाच उचलण्याची सवय त्यामुळे पूर्ण टळली असती असं म्हणता येणार नाही, पण पोटरी आखडायला कमी अवधी मिळाला असता.

एमआरआयचा अहवाल पालकांच्या फोनवर शुक्रवारी संध्याकाळी आला आणि समजावणारी भेट पुढच्या बुधवारी होती. ‘इन्फार्क्ट’ (रक्त न मिळाल्याने मेलेला भाग) हा शब्द घेऊन त्या घराने पाच रात्री काढल्या. अहवाल देण्याची आणि समजावण्याची वेळ एकच ठेवणं अवघड नव्हतं. निदान अर्ध्या तासाचा फोन तरी व्हायला हवा होता.

तक्ता बदलला आहे. ‘वस्तू पकडते का’ या ओळीपुढे आता ‘उजव्या हाताने’ आणि ‘डाव्या हाताने’ अशा दोन चौकटी आहेत. पालथं पडणं आणि हात टेकणं यांच्यापुढेही तसंच. चौकटी भरताना खेळणं बरोबर छातीसमोर, मधोमध धरायचं. ते थोडंसंही एका बाजूला गेलं तर जवळचा हात येतो, आणि कोणता हात पुढे येत नाही हे कळतच नाही.